टॉवर एकच, बिलं दोन

न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीच्या स्वयंपाकघरात ओट्यावर तीन फोन ओळीने ठेवले होते. पहिला लेकीचा, दुसरा आमच्या विहीणबाईंचा आणि तिसरा मी पुण्याहून आणलेला. लेकीचं महिन्याचं बिल ऐंशी डॉलर, विहीणबाईंचं पंधरा. रेंजच्या काड्या मात्र दोघींच्या फोनवर सारख्याच.

"तुमचा कॉल मध्येच तुटत असेल, नाही?" मी विहीणबाईंना विचारलं. इतक्या कमी पैशांत काहीतरी उणं असणारच, असा माझा हिशेब होता.

"अहो, टॉवर तोच आहे," त्या म्हणाल्या. त्या दरवर्षी येणाऱ्या, मी पहिल्यांदाच. "पैसे टॉवरचे नसतात, बाकीच्या गोष्टींचे असतात."

त्यांचं ऐकून मीही एक स्वस्तातलं सिमकार्ड आणलं आणि माझ्या फोनमध्ये घातलं. इंटरनेट झटक्यात सुरू झालं, व्हॉट्सॲपवर पुण्याची खबरबात कळू लागली. पण साधा फोन काही केल्या लागेना. नंबर फिरवला की दोन सेकंदांनी कॉल आपोआप बंद. फोन माझाच, पण मुका झालेला.

सारख्याच रेंजचे तीन फोन आणि तीन तऱ्हा. मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या आईवडिलांना आणि शिकायला निघालेल्या विद्यार्थ्यांना हे कोडं पहिल्याच आठवड्यात पडतं. ते सोडवायचं तर मोबाइल कंपनी म्हणजे काय, इथूनच सुरुवात करायला हवी.

बस एकाची, तिकीट दुसऱ्याचं

अमेरिकेत देशभर स्वतःचे टॉवर चालवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीन: व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. स्प्रिंट नावाची चौथी होती, ती २०२० मध्ये टी-मोबाइलमध्ये विलीन झाली. पण दुकानात किंवा जाहिरातीत पाहिलं तर डझनावारी नावं दिसतात. मिंट, व्हिजिबल, क्रिकेट, टेलो, यूएस मोबाइल, कन्झ्युमर सेल्युलर. एवढ्या सगळ्यांचे टॉवर आहेत तरी कुठे?

नाहीतच. गणपतीत कोकणात जाणारी खासगी बस आठवा. बस, ड्रायव्हर, डिझेल सगळं एका मालकाचं. पण नाक्यावरचा एजंट त्याच्याकडून पंधरा सीटा ठोक भावात घेतो आणि सुट्या विकतो. त्याच्याकडे ना बस ना गॅरेज. एक टेबल, एक फोन आणि तिकिटांचं पुस्तक. तुम्ही तिकीट त्याच्याकडून घेता, बसता मात्र मालकाच्याच बसमध्ये, आणि ती चिपळूणला बाकीच्यांबरोबरच पोचते.

स्वस्त मोबाइल कंपन्या म्हणजे असे एजंट. त्यांना 'आभासी' मोबाइल कंपन्या म्हणतात, कारण नेटवर्क त्यांचं नसतं. त्या मोठ्या कंपनीकडून मिनिटं आणि डेटा घाऊक भावात घेतात आणि आपल्या नावाने किरकोळीत विकतात. ब्रिटनमध्ये १९९९ साली व्हर्जिन मोबाइलने दुसऱ्याच्या टॉवरवर आपली सेवा सुरू केली, तेव्हापासून ही पद्धत रुळली. भारतातही २०१६ मध्ये अशा कंपन्यांना परवान्याची वाट मोकळी झाली, पण आपल्याकडे मूळ दरच इतके उतरले की मधल्या एजंटाला काही उरेना. त्यामुळे हा प्रकार आपल्या परिचयाचा नाही.

मोठी कंपनी स्वतःच्याच स्पर्धकाला माल का विकते? बसमालक एजंटाला सीटा देतो त्याच कारणाने. टॉवर उभारायचा खर्च एकदा होऊन गेलेला असतो. त्यावरून आणखी चार माणसं बोलली तर वीजबिल फारसं वाढत नाही, आणि रिकामी सीट घेऊन गाडी नेण्यापेक्षा कमी भावात भरलेली बरी. शिवाय ऐंशी डॉलर न देणारं गिऱ्हाईक निदान आपल्याच टॉवरवर राहतं. म्हणून तर मोठ्या कंपन्यांनी स्वतःचीही स्वस्त दुकानं थाटली आहेत. क्रिकेट ही एटी अँड टीची, व्हिजिबल व्हेरायझनची, आणि मिंट २०२४ मध्ये टी-मोबाइलने विकत घेतली.

मग स्वस्त कशामुळे?

पहिली बचत दिखाव्याची. चौकाचौकात काचेचं दुकान नाही, त्यात उभा राहणारा नोकरवर्ग नाही. तक्रार असेल तर चॅटवर लिहा किंवा फोन लावून थांबा. ज्यांना समोर माणूस लागतो, त्यांना याचा जाच होतो.

दुसरी बचत उधारीची. अमेरिकेतली नेहमीची पद्धत पोस्टपेड, म्हणजे आधी वापरा, मग बिल भरा. त्यासाठी कंपनी तुमची पत तपासते. नुकत्याच आलेल्या पाहुण्याला किंवा विद्यार्थ्याला पत कुठली असायला? स्वस्त कंपन्या बहुतेक प्रीपेड असतात. पैसे आधी, सेवा मग. आपल्या रिचार्जसारखंच.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती जाहिरातीत बारीक अक्षरांत असते. ती म्हणजे रांगेतली जागा. चतुर्थीच्या आदल्या रात्री बस खच्चून भरते, तेव्हा मालकाकडून थेट तिकीट काढलेल्यांना आधी बसवतात आणि एजंटाच्या प्रवाशांना म्हणतात, "जरा थांबा." टॉवरवरही असंच होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डेटाला नेटवर्क एक क्रमांक देतं, त्याला क्यूसीआय म्हणतात. साध्या इंटरनेटसाठी हा क्रमांक साधारण सहा ते नऊच्या दरम्यान असतो. आकडा जितका लहान, तितका मान मोठा. टॉवर मोकळा असेल तर सहावाला आणि नववाला दोघांनाही सारखाच वेग मिळतो. गर्दी झाली, म्हणजे मॅचचं स्टेडियम, विमानतळ किंवा दिवाळीच्या खरेदीने फुललेला एडिसनचा ओक ट्री रोड, की नववाल्याचा व्हिडिओ आधी अडखळतो.

म्हणजे स्वस्त प्लॅनमध्ये रेंज कमी मिळते हा समज चुकीचा. रेंज तीच असते, गर्दीत पाळी उशिरा येते. दिवसभर घरात वायफायवर असणाऱ्या आजीआजोबांना या उशिराचा पत्ताही लागत नाही. गाडीत बसून दिवसभर ऑफिसच्या मीटिंगा घेणाऱ्याला लागतो.

एक फरक मात्र खरोखर रेंजचा आहे. मोठ्या कंपन्यांचे आपसात करार असतात. जिथे आपला टॉवर नाही तिथे दुसऱ्याच्या टॉवरवर आपलं गिऱ्हाईक चालवून घ्यायचं. स्वस्त प्लॅनमध्ये ही सोय बऱ्याचदा नसते किंवा तोकडी असते. शहरात कळत नाही. यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवर कळतं.

आणि 'अनलिमिटेड' हा शब्द थाळीतल्या 'अनलिमिटेड'सारखाच वाचायचा. भात अनलिमिटेड, बासुंदी एक वाटी. ठरलेले जीबी संपले की काही प्लॅनमध्ये वेग इतका खाली आणतात की व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, पण फोटो गिरक्या घेत बसतो. व्हिडिओची स्पष्टता कमी ठेवणं आणि हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा लावणं, हेही त्याच बारीक अक्षरांत सापडतं.

'फुकट' फोनचा हिशेब

लेकीच्या ऐंशी डॉलरमध्ये आणखी एक पाहुणा लपला होता: तिचा 'फुकट' मिळालेला फोन.

ही योजना अशी चालते. समजा फोन आठशे डॉलरचा. कंपनी त्याचे छत्तीस हप्ते करते, दरमहा साधारण बावीस डॉलर. मग दर महिन्याच्या बिलात तेवढीच सूट देते. झाला फोन फुकट. अट एकच: छत्तीस महिने त्यांच्याच ठरावीक, महागड्या प्लॅनवर राहायचं. मधेच सोडलं तर सूट थांबते आणि उरलेले हप्ते अंगावर येतात.

आता ऐंशीच्या जागी पंचवीस डॉलरचा प्लॅन धरा. दरमहा पंचावन्न वाचतात. छत्तीस महिन्यांत एक हजार नऊशे ऐंशी. म्हणजे तसले दोन फोन रोख विकत घेऊनही तीनशे ऐंशी डॉलर उरतात. चारपाच जणांचं कुटुंब एकाच बिलात असेल तर मोठ्या कंपनीचा माणशी दर बराच उतरतो आणि गणित बदलतं. म्हणून हिशेब ज्याचा त्याने करावा, पण करावाच.

आपल्याला या प्रकाराची एक चव मिळालेली आहे. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने पाचशे एक रुपये भरून फोन हातात देणारी योजना काढली होती. हँडसेट आणि जोडणी एकाच गाठोड्यात, आणि तो फोन दुसऱ्या कंपनीवर चालत नसे. बाकी भारतात फोन वेगळा घ्यायचा आणि सिम वेगळं, हीच रीत रुजली. अमेरिकेत उलट झालं. तिथे फोन कंपनीकडूनच घ्यायची सवय पडली आणि त्यामुळे 'आपला फोन आपण आणा' ही जाहिरात करण्याजोगी नवलाई ठरली.

हप्त्यावर दिलेला फोन कंपनी कुलूपबंद ठेवते. त्यात दुसरं सिम घातलं तर तो नकार देतो. २०१३ मध्ये अमेरिकेत परवानगीशिवाय हे कुलूप काढणं बेकायदा ठरलं, तेव्हा एक लाखाहून जास्त लोकांनी व्हाइट हाउसकडे सह्यांचा अर्ज केला. ऑगस्ट २०१४ मध्ये ओबामांच्या सहीने कायदा झाला आणि ग्राहकाला आपला फोन उघडून घेण्याची मुभा मिळाली. तरी हप्ते फिटल्याशिवाय कंपन्या सहसा कुलूप काढत नाहीत. भाच्याला अमेरिकेतून जुना फोन पाठवताना हे आधी तपासा. नाहीतर भेट म्हणून आलेला फोन सांगलीत नुसता कॅमेरा होऊन बसतो.

पुण्याचा फोन एडिसनला मुका का झाला?

माझ्या फोनला कुलूप नव्हतं. तरी तो अडला. त्याची कारणं दोन असू शकतात.

पहिलं कारण, लहरींच्या पट्ट्या. रेडिओ केंद्रं जशी वेगवेगळ्या आकड्यांवर लागतात, तसा मोबाइलही ठरलेल्या पट्ट्यांवर बोलतो. त्यांना बँड म्हणतात. भारतात ४जी प्रामुख्याने ३, ५, ८, ४०, ४१ या बँडवर चालतं. अमेरिकेत २, ४, ५, १२, १३, ६६, ७१ हे महत्त्वाचे. पाच नंबरसारखे थोडेच सामाईक.

यातले १२, १३ आणि ७१ हे खालच्या पट्टीचे, ६०० ते ७०० मेगाहर्ट्झचे. विसर्जनाची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा आपल्याला काय ऐकू येतं? ढोल. ताशाची तडतड आणि झांजा भिंतींत विरून जातात, ढोलाचा ठोका दार लावलं तरी घरात येतो. खालच्या पट्टीच्या रेडिओलहरींचंही साधारण असंच आहे. त्या लांब जातात आणि भिंतींना कमी जुमानतात. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यात आणि घराच्या तळघरात रेंज पोचवतात त्या याच. भारतात विकल्या जाणाऱ्या मध्यम किमतीच्या अनेक फोनांत नेमके हेच बँड नसतात. असा फोन अंगणात चालतो आणि तळघरात मान टाकतो.

दुसरं कारण, आणि माझा फोन मुका झाला तो याच्यामुळे: आवाजाची वाट. जुन्या २जी-३जीमध्ये बोलण्यासाठी वेगळा रस्ता असायचा. ४जीमध्ये तो नाही. तिथे आवाजही इंटरनेटच्या डेटासारखाच तुकड्या-तुकड्यांनी जातो. त्याला व्होल्टी म्हणतात. २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा अनेकांचे फोन त्यावर थेट कॉल लावत नव्हते, ते यामुळेच.

भारतात व्होल्टी जमलं नाही तर अनेकदा फोन गुपचूप २जीवर उतरतो आणि कॉल लागतो. अमेरिकेत ती मागची वाट मोडली आहे. २०२२ या एकाच वर्षात आधी एटी अँड टीने, मग टी-मोबाइलने आणि डिसेंबरअखेर व्हेरायझनने आपलं ३जी बंद केलं. आता फोनला त्या कंपनीचं व्होल्टी जमलंच पाहिजे. ते जमवण्यासाठी फोनच्या आत त्या कंपनीपुरती जुळणी केलेली असावी लागते. काही कंपन्या तर मान्य फोनांची यादीच ठेवतात आणि यादीबाहेरच्याला आवाज देत नाहीत. म्हणून माझ्या फोनचं इंटरनेट झकास आणि वाचा बंद.

यावर उपाय तिकीट काढण्याआधीचा आहे. फोनवर *#०६# फिरवा. कॉलचं बटण न दाबताच पडद्यावर पंधरा आकडी नंबर येतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन येतात. हा आयएमईआय, म्हणजे फोनचा जन्मदाखला. पहिले आठ आकडे फोनचं मॉडेल सांगतात, शेवटचा आकडा आधीचे चौदा बरोबर आहेत का याची पडताळणी करतो. स्वस्त कंपनीच्या वेबसाइटवर फोन तपासण्याची एक चौकट असते. तिथे हा नंबर घातला की फोन चालेल की नाही हे कळतं. पुण्यात, आपल्या दिवाणखान्यात बसून, फुकटात. मी हे विमानात बसण्यापूर्वी केलं असतं तर पहिला आठवडा खाणाखुणांवर काढावा लागला नसता.

आपल्याला लागतं किती?

प्लॅन निवडताना आपण घाबरून मोठी वाटी मागतो. आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन गेल्या महिन्याचा मोबाइल डेटा पाहा. वायफायवरचा वापर त्यात धरलेला नसतो. मोबाइल डेटावर साध्या स्पष्टतेची मालिका तासाला एक जीबीच्या आसपास खाते, एचडी असेल तर तीनच्या घरात जाते. नुसते नकाशे, व्हॉट्सॲप आणि बँकेचं काम एवढंच असेल तर महिन्याला तीनचार जीबी पुरतात. विहीणबाईंचे पाच जीबी महिनाअखेरीस उरलेले असतात.

किंमत वाचताना तीन प्रश्न विचारा. हा दर पहिल्या तीन महिन्यांपुरता आहे की कायमचा? पैसे दरमहा भरायचे की तीन किंवा बारा महिन्यांचे एकदम? आणि कर यात धरले आहेत की वर लागतील? अनेक जाहिरातींतला पंधरा डॉलर हा तीन महिन्यांचे पंचेचाळीस आधी भरल्यावर पडणारा दर असतो.

नंबर, ओटीपी आणि ९११

अमेरिकेत राहणाऱ्यांना स्वस्त कंपनीत जाताना नंबर सोबत नेता येतो. ही सोय तिथे मोबाइलसाठी नोव्हेंबर २००३ पासून आहे, आपल्याकडे देशभर जानेवारी २०११ पासून. जुन्या कंपनीकडून खाते क्रमांक आणि नंबर हलवण्याचा पिन मागून घ्यायचा आणि तो नव्या कंपनीला द्यायचा. जुनं खातं आधी बंद करायचं नाही. बंद केलं की नंबर गेला. नवं सुरू झालं की जुनी जोडणी आपोआप सुटते.

भारतातून येणाऱ्यांची अडचण वेगळी असते: बँकेचा ओटीपी. त्यासाठी भारतातलं सिम फोनमध्येच राहू द्या आणि अमेरिकेचं ई-सिम घ्या. ई-सिम म्हणजे फोनच्या आत बसवलेली कोरी चिप. क्यूआर कोड दाखवला की तिच्यावर कंपनीची माहिती उतरते. निघण्यापूर्वी भारतातल्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, रिचार्जची मुदत परतीपर्यंत पुरेल असं पाहा आणि त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. येणारा एसएमएस सहसा फुकट असतो. त्या नंबरवर आलेला कॉल मात्र उचलू नका, उचलण्याचेही पैसे लागतात.

याची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. अमेरिकेत विकलेल्या आयफोनला १४ व्या मॉडेलपासून सिमची खाचच नाही. मुलाने तसा फोन भारतात पाठवला तर आपलं भारतातलं सिम ई-सिममध्ये बदलून घ्यावं लागेल.

शेवटचं, पण जिवाचं. ९११ हा आपत्कालीन नंबर प्लॅन नसलेल्या फोनवरूनही लागला पाहिजे, असा तिथला नियम आहे. पण फोनच नेटवर्कला जमत नसेल तर नियमाचा उपयोग नाही. वायफायवरून कॉल लावण्याची सोय सुरू करताना फोन घराचा पत्ता विचारतो. तो नीट भरा. रुग्णवाहिका कुठे पाठवायची हे त्या पत्त्यावरूनही ठरतं.

चौकट: क्रम चुकवू नका

१. आधी टॉवर. घरात, तळघरात आणि रोजच्या रस्त्यावर तीनपैकी कोणाची रेंज चांगली, हे शेजाऱ्यांना विचारा. काही कंपन्या ई-सिमवर थोड्या दिवसांची फुकट चाचणीही देतात.
२. मग फोन. *#०६# ने नंबर काढा, कंपनीच्या वेबसाइटवर तपासा. फोनला कुलूप नाही ना, हेही पाहा.
३. मग गरज. गेल्या महिन्याचा मोबाइल डेटा सेटिंगमध्ये पाहा.
४. शेवटी प्लॅन. पहिला दर, नंतरचा दर, कर, हॉटस्पॉट आणि जीबी संपल्यावरचा वेग हे वाचा.
५. पहिल्यांदा कमीत कमी मुदतीचा प्लॅन घ्या. जमला तर वर्षाचा.

बहुतेकजण हा क्रम उलटा लावतात. आधी जाहिरातीतला प्लॅन, मग त्याच्याबरोबरचा फोन, आणि टॉवरचा विचार रेंज गेल्यावर. मीही तेच केलं होतं. शेवटी लेकीने कपाटातला तिचा जुना फोन काढून दिला. हप्ते फिटलेला, कुलूप निघालेला. त्यात तेच स्वस्त सिम घातलं आणि पहिला फोन शेजारच्या खोलीत बसलेल्या विहीणबाईंना लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्यांनी. आता आमची दोघींची मिळून बिलं होतात तीस डॉलर. लेकीचे अजून अकरा हप्ते बाकी आहेत.